हात मागे ठेव

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात सगळे तुझ्यावर खूश आहेत, सगळ्यांच्या केलेल्या कामाच्या फायली पूर्ण आहेत, आणि तरीही ज्या बाईंना तू महिनाभर संगणकावर अर्ज भरायला शिकवलेस, त्या परवा तोच अर्ज घेऊन आल्या आणि ‘तुम्हीच भरून द्या’ म्हणाल्या, हे तुझ्या मनाला लागले आहे. मदत कुठे संपते आणि दुसऱ्याचे काम आपणच करणे कुठे सुरू होते, असे तू विचारतोस. तुझ्याच पत्रात एक वाक्य सहज येऊन गेले आहे : ‘त्या अडखळल्या की मी पटकन माऊस घेऊन करून दाखवतो.’ घोडे तिथेच अडले आहे. शिकणाऱ्याच्या हातातले काम काढून घेऊ नकोस. हात मागे ठेव.

तू हे चांगुलपणाने करतोस, याबद्दल मला शंका नाही. पण एरवी घरात आणि कामावर चार निर्णय घेणारा माणूस आपल्या वर्गात येऊन बसतो, तेव्हा त्याला चुकण्यापेक्षा चुकताना दिसण्याची भीती जास्त असते. ‘चष्मा घरी राहिला’ असे म्हणत कागद आपल्याकडे सरकवणारी माणसे साक्षरतेच्या वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही नवी नाहीत. तो कागद आपण भरून दिला की त्या घटकेपुरती त्याची लाज राखली जाते आणि आपल्यालाही उपयोगी पडल्याचे समाधान मिळते. मात्र पुढचा कागद आला की तो पुन्हा कोणाच्या तरी तोंडाकडे पाहतो. ही दया मला मान्य नाही.

१९५७ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात, जॉन्स आयलंड या बेटावर बर्निस रॉबिन्सन यांनी कृष्णवर्णीय प्रौढांसाठी रात्रीचा वर्ग सुरू केला. त्या केशरचनेचा व्यवसाय करीत; शिक्षिका नव्हत्या. काय शिकायचे आहे, हे त्यांनी आलेल्या माणसांनाच विचारले. कोणाला आपले नाव लिहायचे होते, कोणाला वर्तमानपत्र वाचायचे होते, आणि मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवणे त्या काळी भाग होते, तेही त्यांना साधायचे होते. जरा विचार कर : नोंदणीच्या टेबलापाशी त्यांच्याऐवजी वाचायला रॉबिन्सन उभ्या राहू शकणार होत्या का? मोठ्यांच्या शिक्षणात प्रत्येक धड्यापुढे शेवटी असे एक टेबल असते आणि तिथे आपल्याला प्रवेश नसतो. म्हणून वर्गातही हात मागेच ठेवायचा.

तू म्हणशील, मी थांबतो, पण त्यांना जमत नाही. किती थांबतोस? मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळांतील विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असे तिला दिसले. तीन सेकंद किंवा अधिक थांबले की मुलांची उत्तरे लांबत आणि गप्प बसणे कमी होई. ती मुले होती. मोठी माणसे बोलण्याआधी उत्तर मनात तोलून पाहतात, त्यांना याहून अधिक वेळ लागतो असा माझा अनुभव आहे. ती शांतता तुला असह्य होते, त्यांना नव्हे.

आता प्रत्यक्ष कसे बसायचे ते सांगतो. त्या बाई उजव्या हाताने माऊस धरत असतील तर त्यांच्या डाव्या बाजूला बस, म्हणजे तुझा हात सहजासहजी तिथे पोचणारच नाही. मागे उभा राहू नकोस. मानेवर कोणाची तरी नजर असताना कोणालाही टंकता येत नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता पडद्याकडे पाहा. ‘इथे क्लिक करा’ असे न म्हणता ‘आता समोर काय दिसते आहे?’ असे विचार. जन्मतारखेच्या चौकटीत आधी महिना पडला आणि लाल अक्षरे उमटली, तर ती लाल ओळ त्यांनाच वाचू दे. करून दाखवायलाही माझी ना नाही, परंतु ते तुझ्या यंत्रावर, तुझ्या कागदावर, आणि मग ते पुसून टाकून. कार्यशाळेत वीज किंवा फिरते पाते असेल तर मात्र क्षणाचाही विचार न करता हात पुढे घाल. तिथे हे तत्त्व लागू नाही.

फायलींबद्दलही तू लिहिले आहेस. फायलीतले काम शिकणाऱ्याचे स्वतःचे आहे, यावर त्याची सही असते आणि मूल्यमापकाची असते. तू फिरवलेल्या माऊसने भरलेले पान त्या सहीखाली कसे बसते, याचे उत्तर मला नको, स्वतःला दे. वर्ग लोकप्रिय आहे आणि फायली भरल्या आहेत, एवढ्यावर समाधान मानणारी तरुण माणसे पाहिली की माझा धीर सुटतो, हे तुला जाणवलेच असेल.

मलाही याबद्दल ऐकून घ्यावे लागले आहे. माझ्या तासात फार वेळ शांतता असते, असा शेरा एका वरिष्ठांनी लिहिला होता. माझे गट अभ्यासक्रमात मागे असत, हेही खरे. एक गृहस्थ, वयाने माझ्याहून मोठे, ‘एकदा करून दाखवायला तुमचे काय जाते?’ असे म्हणून उठून गेले ते परत आले नाहीत. ते गेले याचे दुःख मला अजून आहे. मी थांबलो याचे नाही. त्या खोलीत त्यांच्या हातून ते काम करून घेणारा दुसरा कोणी नव्हता, आणि मी ते करून दिले असते तर ते कदाचित वर्षभर येत राहिले असते व जसे आले तसेच गेले असते. तुला हे कठोर वाटेल, वाटू दे.

तुझे समन्वयक सत्र संपण्याआधी सगळे पूर्ण करा म्हणतात, तर त्यांना सरळ सांग की या बाईंची नोंद अपुरी राहील, आणि का राहील तेही सांग. पुढच्या तासाला त्यांच्यासमोर कोरा अर्ज उघड. त्या पत्त्यापर्यंत पोचल्या आणि वेळ संपली, तर अर्धा अर्ज तसाच जतन करायला त्यांनाच सांग, उरलेला तू घरी बसून भरू नकोस, आणि फायलीत तारीख घालून ‘पत्त्यापर्यंत स्वतः भरला’ एवढे लिही.