टोपी होती म्हणून वाचलं: फ्रेंचच्या इम्परफेक्ट सबजंक्टिव्हबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: दोन वर्षं फ्रेंच शिकतेय, बी-१ पातळी झालीय. हौसेने एक जुनी कादंबरी वाचायला घेतली तर त्यात 'फ्यू' हा शब्द कधी बिनटोपीचा येतो आणि कधी यू वर टोपी (^) घालून. मला आधी छपाईची चूक वाटली. क्लासमध्ये विचारलं तर "तो इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह आहे, सोडून द्या, कोणी वापरत नाही" असं उत्तर मिळालं. कोणी वापरत नाही तर मग छापलंय कोणी? आणि शिकायचंच म्हटलं तर प्रत्येक क्रियापदाची अजून सहा सहा रूपं पाठ करायची का?

उत्तर: "छापलंय कोणी" हे आवडलं. पाठ करू नका, पण सोडूनही देऊ नका, कारण वाचायला लागलात की हा काळ पानोपानी भेटणार आहे.

आधी हे आहे काय ते मराठीतूनच बघू. सबजंक्टिव्ह म्हणजे इच्छा, शंका अशा वाक्यांत येणारं, आपल्या 'यावं', 'असावं' च्या वळणाचं रूप. "त्याने यावं असं मला वाटतं" आणि "त्याने यावं असं मला वाटत होतं", ही दोन वाक्यं बघा. वाटतं चं वाटत होतं झालं, पण 'यावं' ढिम्म हललं नाही, आहे तिथेच आहे. जुन्या फ्रेंच व्याकरणाला हे चालायचं नाही. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की 'यावं' ने पण मागोमाग भूतकाळात जायचं असा नियम. म्हणजे 'ज स्वेत किल व्हियेन' (त्याने यावं अशी माझी इच्छा आहे) याचं भूतकाळात होणार 'ज स्वेते किल व्हँ'. तो 'व्हँ' म्हणजे तुमचा इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह. आणि आजचा फ्रेंच माणूस काय म्हणतो? 'ज स्वेते किल व्हियेन'. म्हणजे इच्छा भूतकाळात गेली तरी येणं जागच्या जागी, अगदी आपल्या 'यावं' सारखं. थोडक्यात फ्रेंच लोक फिरून फिरून आपल्याच पद्धतीवर आलेत, त्यामुळे आपल्याला बोलताना वेगळं काही करावंच लागत नाही, फुकटात बरोबर येतं :)

आता रूपं. हा भाग लोक उगाच अवघड करून सांगतात. पासे सँप्ल (पुस्तकातला साधा भूतकाळ) चं 'त्यू' (तू) चं रूप घ्या, त्याच्या शेवटी एक मुका एस असतो, त्याला अजून एक एस आणि ई जोडा की तो मुका एस बोलायला लागतो, झालं. पार्ला चं पार्लास, फिनी चं फिनिस, फ्यू चं फ्यूस, व्हँ चं व्हँस. ज (मी), त्यू आणि अनेकवचनी इल (ते), तिघांचा उच्चार एकच, फक्त स्पेलिंगच्या शेपट्या वेगळ्या. नू (आम्ही) ला पार्लासियों, व्हू (तुम्ही) ला पार्लासिए. या कृतीला एकही अपवाद नाही, एत्र (असणे) आणि आव्वार (जवळ असणे) सुद्धा गुमान रांगेत उभे राहतात, आणि फ्रेंचमध्ये असं वाक्य लिहायची संधी फार वेळा मिळत नाही. अट एवढीच की पासे सँप्ल यायला हवा.

राहिलं ते एकवचनी इल (तो). तिथे एस नाहीच, त्याऐवजी स्वरावर टोपी आणि शेवटी मुका टी: पार्ला, फिनी, फ्यू, व्हँ. ऐकायला हुबेहूब पासे सँप्ल, फरक फक्त कागदावर. टोपी नाही तर 'तो होता', टोपी आहे तर 'तो असावा', 'तो असला तरी' अशा वळणाचं काहीतरी. (पार्ले सारख्या, स्पेलिंगमध्ये ई-आर ने संपणाऱ्या क्रियापदांना बिनटोपीच्या रूपात शेवटी टी पण नसतो, त्यामुळे तिथे ओळखणं अजून सोपं.) १९९० च्या स्पेलिंग सुधारणेत आय आणि यू वरच्या बऱ्याच टोप्या काढायला परवानगी मिळाली पण या काळातल्या टोप्यांना मुद्दाम हात लावला नाही, कारण टोपी काढली तर फ्यू आणि फ्यू वेगळं करायला उरतंच काय.

वाचताना अडलात तर मी करते ती युक्ती करा, त्या जागी साधं 'स्वा' (एत्र चं वर्तमानातलं सबजंक्टिव्ह) टाकून बघा. 'बियँ किल फ्यू मालाद' (तो आजारी असला तरी, म्हणजे गोष्टीतल्या त्या वेळी) मध्ये 'स्वा' आरामात बसतो, म्हणजे टोपी हवी. 'आप्रे किल फ्यू पार्ती' (तो निघून गेल्यावर) मध्ये 'स्वा' बसत नाही कारण आप्रे क नंतर सबजंक्टिव्ह लागतच नाही, म्हणजे टोपी नको. इथे भले भले फ्रेंच लोक टोपी घालून मोकळे होतात, त्यामुळे तुम्ही चुकलात तर फार मनाला लावून घेऊ नका.

पाठच करायचं असेल तर एकवचनी इल ची आठ-दहा रूपं करा: फ्यू, यू, फी, व्हँ, प्यू, द्यू, स्यू, दी, प्री, मी. कादंबऱ्यांमध्ये भेटणाऱ्यांपैकी बहुतेक हीच मंडळी असतात.

प्रश्न: 'फास' आणि 'प्विस' मध्ये पण डबल एस आहे. मग ते इम्परफेक्ट का नाही?

उत्तर: कारण ते साधे वर्तमानातले सबजंक्टिव्ह आहेत, डबल एस बघून फसायचं नाही. फेर (करणे) चं आजचं फास, जुनं फिस. पुव्वार (शकणे) चं आजचं प्विस, जुनं प्यूस. खरी गंमत फिनीर (संपवणे) ची आहे, तिथे 'क ज फिनिस' दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं, वर्तमान पण तेच आणि इम्परफेक्ट पण तेच, वेगळं पडतं फक्त इल ला: किल फिनिस आणि किल फिनी. म्हणजे तुम्ही नकळत हा काळ वापरला असेल आणि कोणाला पत्ताही लागला नसेल.

प्रश्न: एका फ्रेंच मैत्रिणीला मेसेजमध्ये मुद्दाम 'क नू स्यूसियों' असं लिहिलं, साव्वार (माहीत असणे) चं रूप, पुस्तकात बघून लिहिलं होतं. तिने नुसते हसणारे इमोजी पाठवले. काय चुकलं?

उत्तर: व्याकरण काहीच चुकलं नाही, कान चुकला. साव्वार चं 'स्यूसियों' आणि स्युसे म्हणजे चोखणे, त्याचं 'स्यूसियों', दोन्ही ऐकायला एकच. तुम्ही म्हणालात "आम्हाला माहीत असावं" आणि तिच्या कानात पडलं "आम्ही चोखावं". हसणारच ना.

पण यातच हा काळ बोलण्यातून का गेला त्याचं अर्धं उत्तर आहे. 'आस' हा आवाज फ्रेंच कानाला मुळातच जरा हिणवणारा वाटतो, 'ब्लों' म्हणजे सोनेरी केसांचा आणि 'ब्लोंदास' म्हणजे तेच पण नाक मुरडून, आता त्या आवाजात 'पार्लास', 'एमास' म्हणायचं म्हणजे प्रेमाचं वाक्य सुद्धा टोमण्यासारखं वाटणार. उरलेलं अर्धं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हा काळ ज्या पासे सँप्ल वर उभा आहे तोच बोलण्यातून गेला, त्याची जागा पासे कोंपोझे या बोलण्यातल्या भूतकाळाने घेतली, पाया गेल्यावर वरचा मजला किती दिवस टिकणार. स्पॅनिश आणि इटालियनमध्ये मात्र याचे भाऊबंद आजही रोजच्या बोलण्यात ठणठणीत आहेत.

त्यातून वाचलं ते टोपीवालं एकवचनी इल, कारण त्यात 'स' नाही, ते कोणाच्या कानाला खटकलं नाही. नाटककार कॉर्नेय च्या 'ओरास' या १६४० च्या नाटकात मुलगा लढाईतून पळाला असं समजून म्हातारा बाप चिडलेला असतो, त्याला विचारतात की तिघांसमोर एकट्याने करावं तरी काय, आणि तो म्हणतो 'किल मुर्यू', मरावं. प्रश्नातलं 'फी' (करावं) पण याच काळातलं, उत्तरातलं 'मुर्यू' पण. दोनच शब्द. तिथे कोणी हसत नाही.

प्रश्न: परीक्षेत वर्तमानातला सबजंक्टिव्ह लिहिला तर मार्क कापतील का?

उत्तर: नाही. फ्रान्सच्या शिक्षणखात्याने १९०१ च्या आदेशात मुख्य वाक्य कंडिशनलमध्ये ('असतं' वळणाचं) असेल तर वर्तमान चालेल म्हटलं आणि २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशात मुख्य वाक्य भूतकाळात असलं तरी चालेल म्हटलं. खुद्द त्यांच्या शाळकरी मुलांना माफ आहे, तुम्ही कशाला घाबरता.

प्रश्न: 'नं फ्यूस क', 'द्यूतिल' असं आजच्या बातम्यांमध्ये पण दिसतं. ते हेच का?

उत्तर: हेच, पण ते आता काळ म्हणून नाही, तयार मसाल्यासारखे वापरतात. 'नं फ्यूस क' म्हणजे 'निदान एवढ्यापुरतं तरी', बोलताना त्याच्या जागी 'नं सरेस क' म्हणतात. 'द्यूतिल आँ मुरीर' म्हणजे 'मग मेला तरी बेहत्तर'. 'फ्यूतिल र्वा' म्हणजे 'राजा का असेना'. 'की ल्यू क्र्यू' म्हणजे 'कोणाला खरं वाटलं असतं', हे तर लोक मजेत सर्रास म्हणतात आणि त्यात सबजंक्टिव्ह आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

त्या शेवटच्यात 'यू' आहे बघा, टोपीवाला, त्याच्यासमोर 'स्वा' वाली युक्ती चालत नाही, तिथे 'ओरे' (आव्वार चं 'असतं' वळणाचं रूप) टाकून बघायचं, बसला तर टोपी. जुन्या पुस्तकांत 'सिल फ्यू व्हन्यू, ज ल्यूस व्ह्यू' असं वाक्य दिसलं तर शाळेत शिकलेलं सी (जर) चं कोष्टक बाजूला ठेवा आणि सरळ मराठीत वाचा: तो आला असता तर मी त्याला पाहिलं असतं. आपल्याकडे दोन्ही बाजूंना 'असता, असतं', त्यांच्याकडे दोन्ही बाजूंना 'फ्यू, यूस'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे घाम फुटतो.

प्रश्न: आले चं रूप 'आला' च होतं ना? की मी चुकीचं ऐकतोय?

उत्तर: बरोबर ऐकताय. आले म्हणजे जाणे, 'इल आला' म्हणजे तो गेला, आणि टोपी घातली की 'किल आला' म्हणजे त्याने जावं. मी स्वतः पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो माणूस घरी येतोय असं समजून पुढची दोन पानं वाचली होती, नंतर कळलं की तो कधीच बोटीत बसून गेलाय.