चावी हातात आली, तरच टोबार बसला

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : स.न.वि.वि. अंबड तालुक्यात माझी मोसंबीची बाग आहे. गेल्या वर्षी मी एक वापरलेली एसयूव्ही घेतली. तिला परदेशी बनावटीचा, काढता-घालता येणारा टोबार, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी मागे बसवायचा दांडा, बसवलेला आहे. सोबत एकच चावी मिळाली, माहितीपुस्तिका मात्र मिळाली नाही. त्याचा बॉल (ट्रेलर ज्यावर अडकवतात तो गोळा आणि त्याची वाकडी मान) कसा बसवावा, गाडी चालवताना चावी लॉकमध्येच राहू दिली तर चालते का, आणि उन्हाळ्यात एक हजार लिटरची पाण्याची टाकी छोट्या ट्रॉलीवर ठेवून ओढता येईल का, याचा कृपया खुलासा करावा. – एक बागायतदार, जि. जालना

उत्तर : आपल्या तीन शंकांपैकी मधली सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. चावी लॉकमध्ये ठेवून गाडी मुळीच चालवू नये. बॉल चोरीला जाऊ नये म्हणून ही चावी दिलेली असते, असा सार्वत्रिक समज आहे. तो खोटा नसला तरी अपुरा आहे. बहुतेक रचनांमध्ये आतील यंत्रणा आपल्या जागी पूर्ण बसल्याशिवाय लॉक पुरते फिरत नाही, आणि लॉक पुरते फिरल्याशिवाय चावी बाहेर निघत नाही. चावी सहज निघून हातात येणे ही बॉल नीट बसल्याची खूण आहे. ती अडून बसली, तर दोष बहुधा चावीत नसून बॉलच्या बैठकीत असतो. अशा वेळी पकडीने चावी पिरगाळणाऱ्या मंडळींना माझा एवढाच सल्ला आहे की, बॉल काढावा, बैठक पुसावी आणि पुन्हा बसवावा.

आता बसवण्याची पद्धत. बंपरखाली गाडीला कायमच्या जोडलेल्या भागात नळीसारखी एक बैठक असते आणि तिला प्लास्टिकचे बूच असते. बूच काढल्यावर आत कोरडे फडके फिरवावे. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की तिचा चिवट लगदा होतो, आणि बॉलच्या मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या पोलादी गोळ्यांना हा लगदा पूर्ण बाहेर सरकू देत नाही. या गोळ्या बैठकीतल्या खाचेत अडकतात, म्हणूनच ट्रेलर ओढला जातो. त्या अर्धवट अडकल्या, तरी बॉल वरवर पाहता बसल्यासारखाच दिसतो. बैठक स्वच्छ झाल्यावर लॉक उघडावे, मानेच्या बाजूचे गोल हातचाक बाहेर ओढून फिरवावे आणि यंत्रणा ताणलेल्या स्थितीत आणावी. या स्थितीत चाक आणि मान यांच्यामध्ये स्पष्ट फट दिसते. त्यानंतर मान बैठकीत घालून दाबली की खट्ट असा आवाज होतो आणि चाक आपोआप झपकन उलटे फिरते. त्या क्षणी चाकावर बोटे ठेवू नयेत, कारण स्प्रिंगचा झटका चांगलाच असतो. काही बनावटींत मान खालून वर, तर काहींत मागून पुढे आडवी घालावी लागते. बैठकीचे तोंड कोणीकडे आहे हे वाकून पाहिले की ते कळते.

मान बसल्यावर फट नाहीशी झाली आहे का, आणि चाकावरची रंगीत खूण बंद स्थिती दाखवते आहे का, हे पाहावे. बहुतेक बनावटींत बंद स्थिती हिरव्या रंगाने आणि उघडी लाल रंगाने दाखवतात. मग लॉक लावून चावी काढावी, लॉकच्या तोंडावर धुळीसाठी दिलेले छोटे झाकण बसवावे आणि शेवटी दोन्ही हातांनी मान जोर लावून खाली ओढून पाहावी. अंधार आहे, घाई आहे, मजूर ताटकळले आहेत, तरी हे ओढून पाहणे सोडू नये.

टाकीबाबत मात्र आपली निराशा करावी लागेल. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक हजार किलो, हे आपण जाणताच. त्यात ट्रॉली आणि टाकी यांचे तीनशे किलो धरले तर ओझे तेराशे किलो होते. युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोंच्या वर जाऊ देत नाहीत, आणि आपल्याकडे गावातून वेल्डिंग करून आणलेल्या छोट्या ट्रॉल्यांना ब्रेक क्वचितच असतात. टोबारवर एक धातूची पट्टी असते. तिच्यावर ‘डी’ आणि ‘एस’ या दोन मूल्यांचे आकडे असतात. डी हा ओढण्याच्या ताणाचा आकडा असून तो किलोन्यूटनमध्ये देतात. गाडीचे आणि ट्रेलरचे टनांतील वजन एकमेकांशी गुणून, त्याला त्या दोहोंच्या बेरजेने भागून, आलेल्या उत्तराला ९.८१ ने गुणले की तो मिळतो. आपली गाडी भरलेल्या अवस्थेत २.२ टन आणि ट्रॉली १.३ टन धरली, तर उत्तर सुमारे ८ येते. पट्टीवरचा आकडा याहून मोठा असेल, तर टोबार तुटणार नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते. गाडी थांबवण्याचे काम शेवटी ब्रेकच करतात आणि गाडीच्या कंपनीने ठरवलेली ओढण्याची मर्यादा वेगळी असते. एस हा बॉलवर वरून पडणाऱ्या भाराचा, किलोंतील आकडा आहे. टाकी चाकांच्या फार मागे ठेवली तर पुढचा दांडा बॉलला वर उचलू पाहतो आणि ट्रॉली मागे डोलू लागते. टाकी अर्धी भरून न्यावी, असा विचार मनात येणे साहजिक आहे. परंतु अर्ध्या टाकीतले पाणी वळणावर आणि ब्रेक लावताना हिंदकळते, त्यामुळे पाचशे लिटरची छोटी टाकी काठोकाठ भरून नेणे अधिक बरे. ट्रॉली आणि टाकी मिळून अडीचशे किलोंहून जड असतील, तर मात्र पाचशे लिटरही ७५० च्या मर्यादेत बसणार नाहीत. हजार लिटरसाठी ट्रॅक्टरच योग्य.

ट्रॉलीची सुरक्षा-साखळी बॉलच्या मानेभोवती गुंडाळू नये. मान निघालीच तर साखळीही तिच्याबरोबर जाईल. म्हणून ती गाडीला कायम जोडलेल्या भागावरील कडीत अडकवावी. ट्रॉलीचा कप्लर, म्हणजे बॉलवर बसणारी तिच्या दांड्याची पकड, लेथवर बनवून घेतलेला असेल, तर त्याचे माप आधी तपासावे. युरोपीय बॉल ५० मिलिमीटरचा असतो, दोन इंची बॉल ५०.८ मिलिमीटरचा, दोन इंची कप्लर ५० च्या बॉलवर सैल बसतो आणि खड्ड्यात उडू शकतो. ट्रेलरलाही वाहन नोंदणीच्या तरतुदी लागू होतात (मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ६१), तेव्हा रस्त्यावर आणण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात नोंदणीची चौकशी करावी.

प्रश्न : माझ्या गाडीचा बॉल दोन वर्षांपासून तसाच लावलेला आहे. आता चावी हरवली आहे आणि चाकही हलत नाही. गॅरेजवाले लॉक ड्रिलने फोडू म्हणतात. फोडू द्यावे का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : एवढ्यात नको. चावीवर आणि पुष्कळदा लॉकच्या तोंडावरही एक क्रमांक कोरलेला असतो. लॉकवरचे धुळीचे झाकण काढून, टूथब्रशने तोंड साफ करून, बॅटरीच्या उजेडात तो वाचावा आणि टोबारवरील पट्टीच्या छायाचित्रासह तो टोबारच्या कंपनीला किंवा विक्रेत्याला कळवावा. या क्रमांकावरून नवी चावी मागवता येते. क्रमांक सापडलाच नाही, तर मुरलेल्या कुलूपवाल्याला आधी दाखवावे, ड्रिलचा विचार नंतर करावा; ड्रिल सरकून आतील यंत्रणेला इजा झाली, तर तो बॉल पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही.

चाक न हलण्याचे पहिले कारण लॉकच असावे, कारण ते बंद असताना चाक फिरत नाही. मात्र लॉक उघडल्यावरही बॉल अडू शकतो. दोन पावसाळे मान बैठकीत राहिली की गंज आणि चिखल मिळून तिला धरून ठेवतात. आपल्याकडे अशा वेळी रॉकेल किंवा डिझेल ओतण्याचा रिवाज आहे. त्याने गंज थोडा सुटतो, पण आतले ग्रीसही धुऊन निघते. त्याऐवजी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबावे, मानेला लाकडी ठोकळा लावून हलके ठोके द्यावेत. थेट लोखंडावर हातोडा घालू नये. नवी चावी येईपर्यंत या बॉलला काहीही जोडू नका, कारण तो आत कसा बसला आहे हे तपासण्याचा कोणताही मार्ग आज आपल्यापाशी नाही. चावी आल्यावर दोन घ्याव्यात, एक घरी ठेवावी, आणि क्रमांक गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावा.

प्रश्न : ट्रेलर महिन्यातून एखाद्या वेळीच लागतो. एरवी बॉल काढून कुठे आणि कसा ठेवावा? तो लावूनच ठेवला तर काय बिघडते? – एक वाचक, लातूर

उत्तर : लावून ठेवला तर गंजगोलाईसारख्या गर्दीच्या ठिकाणी दुचाकीस्वारांच्या आणि पादचाऱ्यांच्या नडग्या फुटतात, काही गाड्यांची नंबरप्लेट झाकली जाते, आणि मागच्या सेन्सरना तो अडथळा वाटून ते रिव्हर्स घेताना सतत वाजतात. मागून धडक बसली, तर बंपरऐवजी बॉल तो धक्का थेट चासीपर्यंत नेतो. त्यामुळे काढून ठेवावा हेच बरे.

काढल्यावर लगेच बैठकीला बूच लावावे, नाहीतर पहिल्याच पावसात ती चिखलाने भरते. बॉल डिक्कीत मोकळा टाकू नये. चार-पाच किलोच्या घरातले हे लोखंड, ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने पुढच्या सीटकडे सुटते. जाड कापडात गुंडाळून तो स्टेपनीजवळच्या खाचेत पट्ट्याने बांधावा, किंवा सरळ घरीच ठेवावा. चावी मात्र त्याच पिशवीत ठेवू नये.

गाडी प्रेशर पंपाने धुताना बॉल लावलेला नसावा आणि पाण्याची जोरदार धार बैठकीवर किंवा हातचाकावर मारू नये. लॉकमध्ये इंजिन ऑइल सोडू नये. त्यावर धूळ बसते, त्याऐवजी ग्रॅफाइटची पूड चालते. बॉलच्या गोळ्यावर ग्रीसचा पातळ थर असावा, पण आपल्या ट्रेलरचा कप्लर घर्षणाने डोलणे थांबवणारा असेल, तर गोळा पूर्ण कोरडा ठेवावा लागतो. वर्षातून एकदा व्हर्नियरने गोळ्याचा व्यास मोजावा. कोणत्याही जागी तो ४९ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरला, तर बॉल बदलून घ्यावा. लेथवाल्याकडून त्यावर वेल्डिंगचा थर चढवून घेऊ नये.