चौकटीत बांधलेले पोळे का गळून पडते?

प्रश्न : खानापूरजवळ झाडाच्या ढोलीतली सातेरी माश्यांची वसाहत मधपेटीत घेतली. पोळी शिवणाच्या दोऱ्याने चौकटीत बांधली, पण तिसऱ्या दिवशी ती खाली पडली आणि माश्या उडून गेल्या. काय चुकले?

उत्तर : मुख्य चूक दोऱ्याची. बारीक दोरा मऊ मेणात सुरीसारखा रुततो. केळीच्या सोपटाची (खोडाच्या सालीची) बोटभर रुंद पट्टी ओली करून वापरा. मधाचा भागही पोळ्याला राहिला असावा. तो जड असतो, फुटून गळतो आणि मुंग्या येतात. म्हणून मधाचा भाग कापून वेगळा काढा, चौकटीत फक्त पिलावाचे, म्हणजे अंडी-अळ्या असलेले, पोळे बांधा.

पोळ्याची वरची कड सरळ कापा. ती चौकटीच्या वरच्या पट्टीला पूर्ण टेकली पाहिजे, कारण माश्या तिथेच मेणाने जोड देतात. फट राहिली तर पोळे लोंबकळते. ढोलीत वर असलेली बाजू वरच ठेवा. पोळ्यातली मेणाची घरे किंचित वर कललेली असतात, ती उलटू नयेत. पट्टी दोन ठिकाणी गुंडाळा, गाठ वरच्या पट्टीवर घ्या, पण आवळू नका.

पिलावा थंड पडला तर मरतो, तेव्हा पोळी उघड्यावर फार वेळ ठेवू नका. पिलावाच्या चौकटी पेटीत मधोमध, शेजारी शेजारी लावा. काम संध्याकाळी करा. राणी आत आल्याची खात्री करून दाराला राणीरोधक जाळी (हिच्यातून कामकरी माश्या जातात, राणी जात नाही) तीन-चार दिवस लावा, आणि रात्री साखर-पाणी समप्रमाणात द्या. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. आठवड्याने जोड पक्का दिसला की सोपट कापून काढा.