अटेन्युएटर फिरवला की पल्सची रुंदी का बदलते?

आपण लिहिले आहे की जळगावच्या आपल्या प्रयोगशाळेत जनरेटरवर रडारसारखी १ मायक्रोसेकंदाची पल्स (क्षणभराचा सिग्नल) ठेवून केवळ अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी-जास्त करणारा भाग, फिरवला, तरी रिसीव्हरने मोजलेली रुंदी कधी १.०८, तर कधी ०.९४ मायक्रोसेकंद आली. जनरेटरवर संशय घेऊ नका. चूक थ्रेशोल्ड, म्हणजे पल्स सुरू झाली व संपली हे ठरवणारी पातळी, एकाच व्होल्टेजवर स्थिर ठेवण्यात आहे.

चोपड्याहून यावलकडे जाताना उत्तरेला सातपुडा दिसतो. त्यातील दोन टेकड्यांचा पायथा सारखाच रुंद, पण उंची वेगळी असेल आणि जमिनीपासून ठरावीक उंचीवर त्यांची रुंदी मोजली, तर उंच टेकडी रुंद व ठेंगणी अरुंद भरेल. पल्सचेही तसेच होते. चढण आणि उतरण प्रत्येकी १०० नॅनोसेकंदांची व सरळ रेषेत आहे असे धरू, आणि थ्रेशोल्ड ०.१ व्होल्ट. शिखर १ व्होल्ट असेल तर थ्रेशोल्डची रेषा चढणीच्या १० टक्क्यांवरच ओलांडली जाते, म्हणजे जिथे खरी १ मायक्रोसेकंद रुंदी मिळते त्या अर्ध्या उंचीच्या ४० नॅनोसेकंद आधी. उतरणीवर तितकाच उशीर होतो आणि रुंदी १.०८ भरते. अटेन्युएटरने १८ डेसिबल कमी केल्यावर शिखर ०.१२५ व्होल्टवर येते, तीच रेषा ८० टक्क्यांवर लागते आणि रुंदी ०.९४ उरते.

रुंदीपेक्षा मला आगमनवेळेची, म्हणजे पल्स पोहोचल्याच्या नोंदलेल्या क्षणाची, अधिक काळजी वाटते, कारण वरील दोन टोकांत ती ७० नॅनोसेकंदांनी सरकली आहे. रडारचा अँटेना फिरताना त्याचा झोत आपल्यावरून जातो, पल्सची उंची वाढते आणि उतरते, आणि आगमनवेळांच्या वजाबाकीतून काढलेला पुनरावृत्तिकाल (लागोपाठच्या दोन पल्समधील काळ) स्थिर असूनही हलता दिसतो. आमच्या चाचणी टेबलावर असा हलता काल पाहून आम्ही तीन दिवस स्रोतातच दोष शोधत राहिलो होतो.

उपाय असा की प्रत्येक पल्स तिच्या स्वतःच्या शिखराच्या निम्म्या उंचीवर मोजावी. लॉग व्हिडिओ (डेसिबलच्या प्रमाणात बदलणारा, रिसीव्हरने शोधून काढलेला पल्सचा सिग्नल) असल्यास हे स्थान शिखराखाली ६ डेसिबलवर येते; ३ डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती, निम्मे व्होल्टेज नव्हे, आणि ही गल्लत फार होते. शिखर कळेपर्यंत चढण निघून गेलेली असते, म्हणून व्हिडिओ सिग्नल डिले लाइनमधून, म्हणजे त्याला थोडा उशीर लावणाऱ्या भागातून, नेऊन मग निम्म्या उंचीशी तुलना करतात. आपण सिग्नलचे डिजिटल नमुने साठवत असाल तर ते काम मेमरीच करते. एकच सर्वोच्च नमुना शिखर मानू नका, कारण त्यात गोंगाट आणि ओव्हरशूट (माथ्याच्या वर क्षणभर गेलेली उसळी) मिसळलेले असतात. माथ्यावरील नमुन्यांचा मध्यक घ्या आणि रेषा ओलांडण्याचा क्षण लगतच्या दोन नमुन्यांमधून काढा.

मोकळ्या मैदानात चाचणी कराल तेव्हा उतरणीवर फार विसंबू नका. परावर्तित लहरीचा मार्ग थेट मार्गापेक्षा लांब असल्याने ती नेहमी उशिरा येते, १५० मीटर जास्त अंतर म्हणजे सुमारे अर्धा मायक्रोसेकंद, आणि पल्सचे शेपूट ताणले जाते. चढण मात्र तोवर स्वच्छ नोंदलेली असते.

आता अटेन्युएटर ३-३ डेसिबलने बदलत रुंदी आणि आगमनवेळ दोन्हींचा तक्ता करा, आणि आपल्या व्हिडिओ फिल्टरची बँडविड्थही येथे कळवा, कारण ५ मेगाहर्ट्झच्या फिल्टरमुळेच चढण सुमारे ७० नॅनोसेकंदांची होते.