जुनी बुलेट गरम झाल्यावरही चोक मागते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफटते. आयडलचं (थ्रॉटल सोडून इंजिन नुसतं चालतं तेव्हाचं) मिक्श्चर लीन आहे का, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय का?

हो, लक्षणं लीनचीच आहेत. पण मिक्श्चर कमी-जास्त करणाऱ्या एअर स्क्रूला लगेच हात लावू नका. आधी हवा कुठून चोरून शिरतेय ते बघा. इंजिन चालू ठेवून कार्ब (हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर) आणि इंजिनाच्या हेडच्या जोडावर कार्ब क्लीनर जरासा मारा (गरम सायलेन्सरवर उडू देऊ नका, पेट घेतो). आरपीएम बदलला तर गॅस्केट किंवा ओ-रिंग गेली.

तिथे ठीक असेल तर पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारा कार्बमधला बारीक भोकाचा जेट) काढून साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं. ठाण्याच्या पावसात महिनाभर उभ्या गाडीत इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं आणि पहिला हाच जेट तुंबतो. शिवाय ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळे मिक्श्चर मुळातच थोडं लीन होतं.

मग एअर स्क्रू. मिककार्ब कंपनीच्या कार्बमध्ये तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो. आत फिरवला की रिच (पेट्रोल जास्त), बाहेर की लीन. इंजिन पूर्ण गरम असताना, हलकेच बंद करून दीड फेरा उघडा आणि तिथून आरपीएम सर्वात जास्त मिळेल ती जागा शोधा. पूर्ण बंदपासून अर्ध्या फेऱ्याच्या आतच चांगलं चालत असेल तर पायलट जेट एक नंबर मोठा टाका. कार्बमधल्या नीडलची (सुईची) क्लिप हलवून आयडल सुधारत नाही.

घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये लीन गाडी रेटू नका, इंजिन फार तापतं.