सँटियागोहून एका दिवसात वाल्पाराइसो पाहून होईल का?

कामानिमित्त चिलीची राजधानी सँटियागोला आहात, दोन मित्र सोबत आहेत, एकच शनिवार मोकळा आहे; तेवढ्यात वाल्पाराइसो हे बंदराचं शहर पाहून होईल का आणि टॅक्सी करावी का, असं तुम्ही विचारलंय. होईल. आम्ही तिघी मैत्रिणी अशाच सकाळी जाऊन रात्री परतलो. टॅक्सी मात्र करू नका, कारण या शहराची खरी मजा टॅक्सी जात नाही तिथेच आहे.

पाहारितोस मेट्रो स्टेशनला लागून बसस्थानक आहे. तिथून साधारण पावणेदोन तास लागतात, अंतर 120 किलोमीटरच्या आसपास.

बंदरालगत सपाट जमिनीची एक चिंचोळी पट्टी आणि तिच्यामागे लगेच उभ्या चढाच्या टेकड्या, असं हे गाव आहे. टेकडीला तिथे ‘सेरो’ म्हणतात. वर जायला ‘आसेन्सोर’, म्हणजे रुळांवरून तारेने ओढले जाणारे छोटे डबे. पहिला 1883 साली सेरो कॉन्सेप्सियोनवर सुरू झाला. आम्ही 1902 सालच्या एल पेरालने गेलो. एक डबा चढतो तेव्हा त्याच्या जोडीचा दुसरा उतरतो. मधोमध दोघं इतक्या जवळून गेले की समोरच्या डब्यातल्या बाईंच्या पिशवीतली कोथिंबीर दिसली. तिकीट अगदी किरकोळ. यातले काही दुरुस्तीसाठी बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करा. वर डब्याने जायचं आणि उतरताना पायी, एवढा एकच नियम पाळा.

उतरताना घाई करू नका. सेरो आलेग्रे आणि सेरो कॉन्सेप्सियोन या दोनच टेकड्या आम्ही केल्या, आणि तेच बरं झालं. लांबून नुसते रंग दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की कित्येक घरांच्या भिंतींवर चक्क पन्हाळी पत्रा ठोकलेला आहे. माझी मैत्रीण रत्नागिरीची. पत्रा छपरावर घालायचा हे तिला ठाऊक, भिंतीला लावलेला बघून ती थांबलीच आणि त्याच्या पन्हाळींवरून हात फिरवत राहिली. एका कोपऱ्यात रंगाचा पोपडा निघाला होता: वर पिवळा, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा आणि तळाला गंज. जहाजांचा उरलेला रंग घरांना लावायची इथली जुनी पद्धत, असं गावकरी सांगतात. 1914 साली पनामा कालवा सुरू झाला, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून येणारी जहाजं कमी झाली आणि बंदराची भरभराट ओसरली. या जुन्या वस्त्यांचा 2003 साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

तिथून चिलीचे कवी पाब्लो नेरुदा यांच्या ‘ला सेबास्तियाना’ या घरी जा. इथे हवं तर वाहन करा, चढ दमवतो. अरुंद जिन्याचं उंच घर; प्रत्येक मजल्यावर खिडकीतून समुद्र, आणि दिवाणखान्यात जत्रेतल्या चक्रावरचा लाकडी घोडा. सोमवारी बंद असतं, तुमचा शनिवार आहे म्हणून काळजी नाही.

जेवायला चोरियाना मागवा: बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्यांचा ढीग, वर परतलेला कांदा, गोमांसाचे तुकडे आणि अंडी. एक ताट तिघांना पुरतं. गोमांस खात नसाल तर आधीच सांगा. आमच्यातल्या शाकाहारी मैत्रिणीने चीज भरलेली एम्पानादा खाल्ली, आपल्या करंजीसारखी, फक्त तिखटामिठाची.

बोट दुपारनंतरच घ्या, मुएये प्रात धक्क्यावरून सुटते. कारण असं की इथली खाडी उत्तरेकडे उघडते आणि दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्यही उत्तरेला असतो. म्हणजे टेकड्यांच्या अंगावर थेट ऊन पडतं. सबंध गाव एकदम उजळलेलं फक्त पाण्यातूनच दिसतं. वरून फोटो काढायला गेलात तर ऊन लेन्समध्ये येतं. आपल्याकडच्यासारखा समुद्रात बुडणारा सूर्य पाहायला मात्र थांबू नका, तो टेकडीआड जातो.

उन्हाळ्यातसुद्धा सकाळी ढग खाली उतरलेले असतात, एक जाकीट ठेवा. आणि बंदराजवळच्या बाजारात एका आजींनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून तो आत ठेवायची खूण केली होती. मी लगेच ठेवला. तुम्हीही तिथे फोन हातात धरून चालू नका, आणि अंधार पडायच्या आत बसस्थानक गाठा.