स्ट्रेन वाढवला की रबर नरम का पडतं?

प्रश्न: कार्बन ब्लॅक (काजळीसारखी पूड) घातलेल्या रबरावर ऑसिलेटिंग शिअरची टेस्ट घेतोय, म्हणजे प्लेटमध्ये धरून मागेपुढे सरकवतोय. फ्रीक्वेन्सी तीच, टेंपरेचर तेच, फक्त स्ट्रेन (आकार किती बदलतो ते) वाढवत नेला तर स्टोरेज मॉड्युलस (रबराचा स्प्रिंगसारखा कडकपणा) धाडकन खाली येतो. बिनफिलरच्या (अशी पूड न घातलेल्या) रबरात मात्र रेघ सपाट. सॅम्पल फाटतंय की प्लेटवर घसरतंय?

उत्तर: बहुतेक दोन्ही नाही, तुम्हाला पेन इफेक्ट दिसतोय. ए. आर. पेन यांनी 1960 च्या दशकात याचा खोलात जाऊन अभ्यास केला म्हणून हे नाव. होतं काय, तर कार्बन ब्लॅकचे कण नॅनोमीटरमधले, त्यांचे गुच्छ असतात आणि फिलर पुरेसा असेल तर हे गुच्छ एकमेकांना धरून रबरभर जाळं बनवतात, पण ती पकड कमजोर असते. स्ट्रेन 0.1 टक्क्याच्या आसपास असतो तोवर जाळं शाबूत, म्हणून मॉड्युलस भरपूर, आणि पुढे 10 टक्क्यांपर्यंत जाता जाता ते बरंचसं तुटलेलं असतं. तरी मॉड्युलस साध्या रबराएवढा खाली जात नाही, कारण कण तर आतच आहेत आणि गुच्छांच्या बेचक्यांत अडकलेलं रबरही कणासारखंच कडक वागतं.

आता लॉस मॉड्युलसचा (उष्णता होऊन वाया जाणाऱ्या एनर्जीच्या मापाचा) ग्राफ बघा, मला तर तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. तो मधल्या स्ट्रेनला वर चढून मग उतरतो, कारण तिथे प्रत्येक सायकलला जाळं तुटतं, परत जुळतं आणि त्यात गेलेली एनर्जी उष्णता होऊन बाहेर पडते. टायर चालताना तापतो त्यात याचा मोठा वाटा आहे, म्हणूनच टायरवाले 60 अंश सेल्सिअसचा टॅन डेल्टा (लॉस भागिले स्टोरेज मॉड्युलस) इतका जपतात. फिलर म्हणून सिलिका घेऊन तिला सायलेन (कण आणि रबर जोडणारं रसायन) लावलं की कणांची आपापसातली ओढ कमी होते आणि मॉड्युलसची घसरणही.

फाटण्याची किंवा घसरण्याची शंका असेल तर तेच सॅम्पल थोडा वेळ तसंच ठेवून परत कमी स्ट्रेनला मोजा, मॉड्युलस बराचसा परत आला तर फाटलेलं नाही. मग स्ट्रेसची वेव्ह बघा, पेन इफेक्टमध्ये मॉड्युलस एवढा पडूनही वेव्ह जवळपास साइनसारखीच राहते (हे खरंच नवल आहे!), घसरत असेल तर सहसा ती वेडीवाकडी होते. आणि हो, मुलिन्स इफेक्ट (एकदा ताणलेलं रबर पुढच्या वेळी नरम लागणं) वेगळा, तो मोठ्या ताणाला पहिल्याच खेचीत दिसतो आणि नुसतं ठेवून सहज भरून येत नाही.